अक्काची 'गो'ची वही

माझ्या जीपच्या डॅशबोर्डच्या खणात एक वही सोळा वर्षं होती. या काळात मी चार गाड्या बदलल्या. जुनी गाडी विकताना गिऱ्हाईक बोनेट उघडून इंजिन बघायचं, तेव्हा मी आधी तो खण उघडून वही काढून घ्यायचो. साधी शंभर पानी वही. पुठ्ठ्यावर डिझेलच्या हाताचा डाग. आत एकाच इंग्रजी शब्दाचे अर्थ लिहिलेले. गो. माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, एका पावसाळ्यात तो एक शब्द पिंजून काढला होता.

शिरड शहापूरपासून पायी अर्ध्या तासावर आमचं गाव. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत होतो. आबा मेंढरं राखायचे. मी सातवीतून शाळा सोडली आणि मेंढरांच्या बाजारात उभा राहिलो. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात, बाहेरच्याला काही कळत नाही. समोरच्याच्या बोटांना घाम कधी सुटतो ते मला ओळखता यायचं. त्याच जोरावर बाविसाव्या वर्षी मी नांदेडहून जुनी डिझेल जीप आणली आणि शिरड शहापूर ते वसमत अशी सीटा भरायला लागलो. कुणी मला हात दिला नाही, कुणाचे उपकार माझ्यावर नाहीत. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगतो.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नववीतून उठवून तिचं लग्न केलं आणि नऊ वर्षांनी ती एकटी परत आली, एसटीनं, हातात पिशवी. मायनं विचारलं, "काहून आलीस?" तिनं उजवा हात पुढं केला. मनगट मोडून वाकडंच जुळलेलं होतं. मग परत कुणी विचारलं नाही.

गावातल्या शाळेचे गुरुजी तिला लहानपणापासून ओळखायचे. गावात अंगणवाडीची जागा निघणार होती आणि दहावी पास बाई हवी होती. गुरुजींनी तिला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा. मार्चमध्ये ती बसली. सगळे विषय निघाले, इंग्रजी राहिलं. ऑक्टोबरला पुन्हा तेवढाच पेपर द्यायचा होता.

गुरुजींनी घरातली जाड डिक्शनरी तिला दिली. अक्काचं गाडं नेहमी छोट्या शब्दांपाशी अडायचं. मोठे शब्द ती पाठ करायची, पण गो, कम, टेक असले शब्द वाक्यात काय करतील याचा तिला नेम लागत नव्हता. गुरुजी म्हणाले, "यातला एकच घे. गो घे. तो कळला की बाकीच्यांची भीती जाईल." डिक्शनरीत त्या दोन अक्षरी शब्दाला पाच-सहा रकाने दिलेले होते. ती रोज थोडे उतरवायची. मनगटामुळे अक्षर डावीकडं कललेलं, पण सुटं आणि स्वच्छ.

मी सकाळी दारात जीप धुवायचो आणि ती ओट्यावर बसून मला प्रश्न टाकायची.

"बापू, सांग बरं. द लॅम्प वेंट आऊट. दिवा कुठं गेला?"

"मला काय ठाव? वसमतला गेला असंल. सीट दिली का त्यानं?"

"विझला. गो आऊट म्हंजे विझणं. आता हे बघ. द मिल्क वेंट ऑफ."

"दूधबी गेलं?"

"नासलं."

"तुझ्या इंग्रजीत दूधबी जातंय आन् दिवाबी जातोय. माणूस कव्हा जातंय मग?"

"आपल्यात लाईट जाती, तोंडाची चव जाती, बायांला दिवस जातेत. ते चालतंय तुला. त्यांचंच काहून खुपून राहिलं?"

मी टायरवर पाणी मारलं. ती हसली. त्या पावसाळ्यात ती हसायची, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

एक दिवस तिनं मला तिची युक्ती सांगितली. आमच्याकडं मेंढरांचे कान कापून खूण करतात. कुणाचा कान टोकाला फाडलेला, कुणाच्या कानाला मधे खाच. दोन कळप एकमेकांत मिसळले तरी कान बघून मेंढरू कुणाचं ते सांगता येतं. ती म्हणाली, "हे शब्द मेंढरावानी हायेत. गो सगळीकडं सारखाच दिसतंय. त्याच्याकडं बघायचंच न्हाई. मागं जे बारकं येतंय, ऑफ, आऊट, ऑन, विदाऊट, ते त्याचा कान. कान बघायचा." तिनं वहीत प्रत्येक अर्थासमोर एकेक कान काढला होता. छोटासा, मेंढराचा, वेगवेगळ्या ठिकाणी कापलेला. गुरुजींनी ते बघितलं तेव्हा चष्मा काढून पुसला.

पोळ्यानंतर आठ दिवसांनी तिच्या सासरची माणसं आली. दाजी, त्यांचा चुलता आणि मध्यस्थ म्हणून दोन्ही गावांच्या ओळखीतला एक म्हातारा. ओट्यावर सतरंजी टाकली. अक्का दाराच्या आत उभी.

चुलता म्हणाला, "तीन सालं झाली. लेक किती दिवस घरात ठेवता?"

"आमची लेक हाय. आमाला जड न्हाई," मी म्हणालो.

"तुला न्हाई इचारलं. तुज्या बापाला इचारून राहिलो."

आबा काठीनं जमीन उकरत होते. धाकट्या बहिणीची सोयरीक या एका गोष्टीवर अडली होती आणि ते चुलत्यालाही ठाऊक होतं. आबा न बोलता बसले याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. मलाही कळला आणि मी पुढं सरकलो.

मी एक वर्ष मागितलं. ते म्हणाले, आजच्या आज. मी म्हणालो, दिवाळी. ते म्हणाले, चार दिवस. मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. बाजारात असंच असतं, न उठणाऱ्याला भाव मिळत नाही. शेवटी मी म्हणालो, "ऐका. ऑक्टोबरात तिची परीक्षा हाय. पास झाली तर ती अंगणवाडीला लागंल, आन् तुमी सोडचिठ्ठी द्यायची. परत तिचं नाव काढायचं न्हाई."

"आन् नापास झाली तर?"

"तर आमी सोता आणून घालू."

चुलता जोरात हसला. "इंग्रजीत? मेंढक्याची लेक?"

"हो म्हणा, न्हाई म्हणा. हसता कायले?"

त्यानं माझ्या हातावर हात मारला. त्याला वाटलं फुकटात काम झालं. मला वाटलं स्वस्तात मिळालं. ती माणसं गेल्यावर मी छाती काढून आत आलो. अक्का चुलीपुढं होती.

"बापू, मला इचारलं असतंस तर."

"तर काय म्हणली असतीस?"

"काई न्हाई. पण इचारलं असतंस."

मला राग आला. दोन महिने मिळवून दिले ते कुणाला दिसत नव्हतं. तो राग मी बोलून दाखवला, आणि ती वही घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

पेपर वसमतला होता, अकरा वाजता. अक्काचं म्हणणं, साडेसातची एसटी धरू, लवकर पोचू, झाडाखाली बसून वाचता येईल. मी म्हणालो, "घरची जीप असताना एसटीनं? लोक काय म्हणतील? माझा नंबर तिसरा हाय. साडेनवाला सुटलो तरी सव्वाधाला तुला शाळेपुढं उतरवतो." माझा हिशोब चुकीचा नव्हता. आजही मी तो मांडला तर बरोबरच निघतो.

ज्यांनी शिरड शहापूरचं जीपांचं स्टँड बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लिंबाखाली जीपा ओळीनं उभ्या असायच्या. एक म्हातारा नंबरवाला बाजेवर बसून कुणाची गाडी कधी लागणार ते ठरवायचा. त्याच्याकडं कागद नव्हता, सगळं तोंडपाठ. ज्याचा नंबर त्यानंच सीटा भरायच्या, आणि भरल्याशिवाय हलायचं नाही. माणूस मरायला टेकलेलं असलं तरी पुढच्या सीटवर ते आणि ड्रायव्हर वाट बघत बसलेले मी पाहिले आहेत. रिकामी गाडी काढली की त्या दिवसाचा नंबर गेला. आम्हाला सगळ्यांना तो नियम मान्य होता, कारण तो नियम नसता तर आम्ही रोज एकमेकांची डोकी फोडली असती.

नऊ वाजता माझा नंबर लागला. अक्का पुढच्या सीटवर, हॉल तिकीट पदराच्या गाठीत, वही मांडीवर. साडेनवापर्यंत बारा सीटा झाल्या. चार कमी होत्या. तेवढ्यात एक शेळ्यांचा व्यापारी आला, बरोबर बायको, दोन बाया आणि तीन शेळ्या. हे चढले की गाडी भरली. शेळ्या टपावर घ्यायच्या होत्या आणि शेळ्यांचं भाडं ठरेना.

तो माझ्यासारखाच होता. एकदा उठून गेला, परत आला. दुसऱ्यांदा गेला. मी पण तोंड फिरवून विडी पेटवली. अक्का खिडकीतून म्हणाली, "घे की बापू, म्हणतोय तेवढ्यात." मी म्हणालो, "तू तुजं वाच. तिसऱ्यांदा येतंय बघ तो."

तिसऱ्यांदा तो आला नाही. माझ्या मागच्या जीपवाल्यानं त्याच्या शेळ्या टपावर चढवल्या होत्या, त्यानं म्हटलेल्या भाड्यात. नंबर माझा असताना. मी जाऊन त्या जीपवाल्याची गचांडी धरली. पुढं काय काय झालं ते सगळं आठवत नाही. त्याच्या गाडीचा आरसा माझ्या हातात आला होता एवढं आठवतं. नंबरवाला म्हातारा बाजेवरून उठला आणि त्यानं काठी माझ्या बोनेटवर आपटली.

"तुजा नंबर गेला. शेवटी लाव. सीटा त्याला दे."

"आरे पण चूक त्याची हाय!"

"आरसा कुणी तोडला? शेवटी लाव म्हणलं ना."

माझ्या बारा सीटा उतरल्या आणि त्या जीपमध्ये जाऊन बसल्या. इथं माझी तक्रार आहे आणि ती मी सोडलेली नाही. नंबर माझा होता, सौदा माझा होता, नियम त्यानं मोडला आणि शिक्षा मला झाली. त्या म्हाताऱ्यानं न्याय केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी वळून बघितलं तर अक्काही उतरून त्या जीपच्या मधल्या सीटवर जाऊन बसली होती, शेळीवाल्याच्या बायकोच्या शेजारी, अंग चोरून.

मी दार उघडलं. "उतर."

"बापू, पावणेधा झाले."

"त्याच्या गाडीत माझी बहीण बसणार न्हाई. उतर."

"एवढ्या खेपेला बसू दे रे."

"उतर म्हणतो ना!"

सगळं स्टँड बघत होतं. शेळीवाल्याची बायको म्हणाली, "बसू द्या की भाऊ, पेपर हाय म्हणती लेकरू." अक्कानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि उतरली. तिच्या जागेवर लगेच दुसरं कुणी बसलं. ती जीप निघाली. साडेधाच्या सुमाराला ती वसमतला पोचली, हे मी नंतर चौकशी करून काढलं. कशाला काढलं कोण जाणे.

माझ्यापुढं आता दोन गाड्या होत्या. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. रिकामी जीप काढून सरळ वसमतला गेलो असतो तर एक दिवसाचा नंबर गेला असता, बाकी काही नाही. पण मी नुकताच भांडणात हरलो होतो. रिकामी गाडी घेऊन निघालो असतो तर मागून सगळे हसले असते. ते हसणं मला ऐकू येत होतं, अजून कुणी हसलं नसताना.

सव्वाधाला अक्का म्हणाली, "बापू, चल आता."

"निघतोच."

"वसमत, वसमत, वसमत," मी ओरडत राहिलो. पुढची एक गाडी भरून गेली. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर माझा मित्र होता, त्यानं मला त्याचा नंबर दिला. पावणेअकराला आठ सीटांवर मी गाडी काढली. रस्त्यात दोन ठिकाणी हात झाले. दोन्ही ठिकाणी मी थांबलो. पाय आपोआप ब्रेकवर जातो, तो विचारत नाही. अक्का समोर बघत होती. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा तिनं मांडीवरची वही मिटली.

शाळेचं गेट बंद होतं. अकरा चाळीस झाले होते. अर्ध्या तासानंतर आत घ्यायचं नाही असा नियम. शिपायानं आतून एका सरांना बोलावलं.

मी म्हणालो, "साहेब, धा मिनिटांचा तर फरक हाय. पाच तुमी सोडा, पाच आमी सोडतो."

"हा बाजार नाही," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात पुन्हा जाळ उठला. मी गेटचे गज धरून हलवायला लागलो, तेव्हा अक्कानं माझ्या दंडाला धरलं.

"बापू, सौदा नको करू."

चार शब्द. आवाज चढलेला नव्हता. मी गज सोडले.

ती घरी यायला तयार झाली नाही. पेपर सुटेपर्यंत गेटसमोर बसून राहिली. दोन वाजता पोरी बाहेर आल्या, तेव्हा एका पोरीकडून तिनं प्रश्नपत्रिका मागून घेतली आणि तिथंच मांडीवर वही ठेवून सगळी उत्तरं लिहिली. ती पोरगी बिचारी तोवर थांबली. वहीची शेवटची पानं त्या उत्तरांनी भरली. लिहून झाल्यावर तिनं प्रश्नपत्रिका परत दिली आणि वही माझ्या सीटवर टाकली. परत हातात घेतली नाही.

दोन दिवसांनी मी ती वही गुरुजींकडं नेली. मला काय हवं होतं ते आता सांगतो. पेपर अवघड होता, बसली असती तरी नापासच झाली असती, एवढं मला ऐकायचं होतं. गुरुजींनी लाल पेन घेतलं आणि बोर्डाचा पेपर तपासावा तसा तपासला. खाली गुण मांडले. त्रेपन्न.

"पास होती," ते म्हणाले. "चांगली पास होती."

वही त्यांनी माझ्याच हातात दिली. "तिला दाखव."

मी दाखवली नाही. डॅशबोर्डच्या खणात टाकली. गुरुजींना वाटलं असेल मी दाखवली. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

निकालाची वाट बघायची गरजच नव्हती. ती माणसं दिवाळीच्या आधी आली. मी म्हणालो, मार्चला पुन्हा बसेल. चुलता म्हणाला, "सौदा कुणी घातला? आमी? तुज्याच तोंडानं म्हणलास, आमी सोता आणून घालू." मध्यस्थ म्हाताऱ्यानं मान हलवली. आबांनी काठी बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. माझ्याकडं न बघता दाराकडं बघून म्हणाले, "जा बाई."

मी अजून बोलत होतो. काय बोलत होतो ते कुणी ऐकत नव्हतं. अक्का तोवर पिशवी भरून बाहेर आली होती.

"जाते मी," ती म्हणाली.

आमच्याकडं घरातून निघणारं माणूस असं म्हणत नाही. येतो म्हणतात, येते म्हणतात. जाते हा शब्द उंबऱ्यावर काढायचा नसतो. माय धावत आली. "येते म्हण, माय माझी. येते म्हण." अक्का तिच्या पाया पडली, पण तिनं शब्द बदलला नाही.

मी जीप दारात लावली होती. निदान स्टँडपर्यंत सोडू म्हणून. ती जीपच्या बाजूनं निघून गेली, दाजींच्या मागं, एसटीच्या रस्त्यानं. अंगणवाडीची जागा वरच्या आळीतल्या एका सुनेला मिळाली. बाई चांगली आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पुढच्या वर्षांत माझं चांगलं झालं. एका जीपच्या तीन झाल्या, घर बांधलं, जिल्हा नवा झाला तेव्हा हिंगोलीच्या रस्त्यालाही गाडी लावली. अक्काला मुलगी झाली. त्या आधी की नंतर, तिच्या डाव्या कानानं ऐकू यायचं बंद झालं. मारामुळं. दाजी पुढं थकले, मवाळ झाले, पण कान काही परत आला नाही. मी एकदा तिकडं जाऊन त्यांना मारून आलो, आणि त्याचा काहीच उपयोग झाला नाही, हेही लिहून ठेवतो.

ती दर भाऊबीजेला यायची. ओवाळायची, माझ्या लेकरांना जवळ घ्यायची. पण माझ्या गाडीत बसायची नाही. शिरड शहापूरला एसटीतून उतरून अर्धा तास चालत यायची. माझ्याच जीपा तिच्या बाजूनं धूळ उडवत जायच्या. स्टँडवरची माणसं मला चिमटे काढायची. "बापू, सगळा तालुका तुज्या गाडीत बसतंय, बहीण तेवढी पायी चालून राहिली." मी तोंडानं शिव्या द्यायचो. आत मात्र ते लागायचं. सोळा वर्षं मला एका गोष्टीची शिक्षा होत होती आणि त्या नंबरवाल्याला, त्या शेळीवाल्याला, त्या सरांना कुणीच काही विचारत नव्हतं.

एका भाऊबीजेला मी तिला अडवलं. ताट अजून तिच्या हातात होतं.

"मी काय दुश्मन हाव का तुजा? त्या दिवशी नंबरवाल्यानं बराबर न्याय केला असता तर..."

"त्यो म्हातारा मेला, बापू," ती म्हणाली. "आता तरी सोड त्याला."

मग तिची मुलगी दहावीला आली. तिचं सेंटर औंढ्याला होतं. अक्काचं गाव मुख्य रस्त्यापासून आत आहे, सकाळची एसटी कधी येते, कधी येत नाही. मला तारखा ठाऊक होत्या, मी शाळेतून विचारून घेतल्या होत्या. इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी पहाटे उठून मी गाडी धुतली, आतल्या गाद्या पुसल्या आणि रिकामी काढली. नंबर कुणाला विचारला नाही. साडेसहाला अक्काच्या दारात होतो. मनात ठरवलं होतं की काही बोलायचं नाही, फक्त दार उघडायचं.

अक्का अंगण झाडत होती. जीप बघून ती थांबली.

"भाची कुठाय? चल म्हणावं. मी सोडतो. आठला नेऊन घालतो औंढ्याला."

"ती कालच गेली."

"काल? कशी?"

"एसटीनं. मैत्रिणीच्या घरी राहिली. शाळेपासून जवळ हाय." तिनं खराटा भिंतीला टेकवला. "मीच धाडलं."

मी तसाच उभा राहिलो. ती म्हणाली, "बस. च्या टाकते."

चहा होईपर्यंत मी जीपकडं गेलो आणि खणातून वही काढून आणली. का आणली ते सांगता येत नाही. रिकाम्या हातानं परत जायचं जिवावर आलं होतं, एवढंच. कप खाली ठेवून मी वही तिच्यापुढं धरली.

तिनं हात पदराला पुसले आणि पानं उलटली. कापलेले कान, कललेलं अक्षर. मग शेवटची पानं आली आणि तिचा हात थांबला.

"हे लाल कुणी केलं?"

"गुरुजीनं."

"कव्हा?"

"तव्हाच. दोन दिसांनी."

तिनं खालचा आकडा बघितला. बराच वेळ बघितला. मग ती पहिल्या उत्तरापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेली. चुलीवर दूध उतू चाललं होतं, तिला कळलं नाही. मीच उठून भांडं उतरवलं.

एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. गुरुजींनी तिथं काट मारली होती.

"हे बराबर हाय माझं," ती म्हणाली. "गुरुजीनं उगंच काटलं. पंचावन्न व्हायला पाहिजेत."

"व्हय," मी म्हणालो.

तिनं वही मिटली आणि भाचीच्या पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवली, बाकीच्या वह्यांमध्ये. मग चुलीपुढं बसून तव्यावर भाकरी टाकली. माझ्याकडं तिची पाठ होती.

मी चपला घातल्या. उंबऱ्यावरून म्हणालो, "येतो, अक्का."

तिनं भाकरी उलटली. डावा कान माझ्या बाजूला होता. ऐकू आलं नसेल. मी पुन्हा म्हणालो नाही.

मुख्य रस्त्याला लागलो तेव्हा ऊन वर आलं होतं. एका फाट्यावर चार-पाच पोरं-पोरी उभी होती, हातात पट्टी आणि पॅड. त्यांनी हात केला. पाय ब्रेकवर गेला. ती मागं चढली, एक पोरगी पुढं माझ्या शेजारी बसली. तेवढ्यात लांबून पायवाटेनं एक म्हातारी येताना दिसली, हात हलवत. पोरीनं घड्याळाकडं बघितलं.

"मामा, निघा की. पेपर हाय."

म्हातारी अजून बरीच लांब होती. दोन सीटा मोकळ्या होत्या. मी गिअर टाकला नाही. इंजिन चालू ठेवून मी तिची वाट बघत राहिलो.